चौघांतलं पाचवं

१

ठेव विश्वास, हिंमत असेल तर. जमायचं नाही तुला. या गावात माझ्या बोलण्यावर मांजरसुद्धा विश्वास ठेवत नाही. "ये गं, मासा देते" म्हटलं की आधी लांब बसून माझे हात बघतं. मात्सुएत कुणालाही विचार, तोमे म्हातारी कशी आहे. सांगतील, एक नंबरची खोटारडी. देवळातल्या भिक्खूंच्या मोज्यांत तळ्यातल्या काळ्या शिंपल्या भरल्या, ती मीच. पोस्टमनला त्याच्याच नावाचं पत्र टाकून, पत्ता चुकीचा घालून, तीन दिवस पुलापलीकडे हिंडवला, ती पण मीच. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. तो मात्र बोलतो.

शिक्षण म्हणशील तर चौथी, तीही निम्मी. बाकीचं सगळं कानानं शिकले. त्या सरकत्या दाराच्या मागे बसून, हो, त्याच. तिकडे मागची खोली आहे, भांडी धुवायची. तिथे अकरा वर्षं काढली मी.

तेव्हा ऐक, आणि एका शब्दावर विश्वास ठेवू नकोस. ठेवलास तर तुझी तू जबाबदार. पाय दुखत असतील तर मांडी घाल. मी काही आमच्या बाईंसारखी डोळे वटारत नाही.

२

ही खोली तेव्हा इनागाकी बाईंची. साडेचार चटया, एक कोनाडा, जमिनीत चूल, आणि ते बुटकं दार, ज्यातून राजा आला तरी गुडघ्यांवर रांगत यायचं. गावातली बडी मंडळी बाईंकडे चहा शिकायची. मी शिकायची नाही. मी पाणी आणायची, अंगणातले दगड ओले करायची, राख चाळायची, हिरवी चहापूड चाळायची. जीभ तेवढी चाळायची राहिली.

पाहुणे आत बसले की माझं काम ऐकायचं. यजमान मागच्या खोलीत थांबतो ना, पाहुणे स्थिरावेपर्यंत. चटईवर मोज्यांचा आवाज येतो, सर्र, सर्र. एकेक जण कोनाड्यापुढे वाकतो, चुलीपुढे वाकतो, जागेवर बसतो. शेवटचा पाहुणा आत आला की बुटकं दार मुद्दाम आवाज करून लावतो. ठक. म्हणजे आता सगळे आले, करा सुरू. मी आवाजावरून सांगायची, किती जण आहेत, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण नवे मोजे घालून आलंय.

बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तोमे, कान चांगला आहे तुझा. बघू."

त्या 'बघू'वर मी सात वर्षं जगले, पोरी.

कारण बाईंच्या डोळ्यांत सायीसारखं काहीतरी चढत चाललं होतं. मूलबाळ नाही. त्यांच्यामागे या चुलीशी कोण बसणार, हे ठरायचं होतं. आणि मी मनात ठरवून टाकलं होतं.

मग चिझुरू आली.

सरकारी डॉक्टरची मुलगी, बावीस वर्षांची, मान अशी की बघणाऱ्याची मान दुखावी. तिनं पळी किटलीवर ठेवली की आवाज व्हायचा नाही. मी सगळे गेल्यावर चोरून ठेवून बघायची, टक् व्हायचाच. मला बाई म्हणायच्या, "तोमे, कोळसे." तिला म्हणायच्या, "चिझुरू, दमलीस का गं?" आणि एकदा म्हणाल्या, माझ्यासमोर, मी तिथे फडकं पिळत असताना, "पाणी ऐकतं तुझ्या हाताचं."

अकरा वर्षं मी ते पाणी विहिरीतून ओढलं. माझं नाही ऐकलं त्यानं कधी.

आणि पोरगी वाईट असती तरी बरं होतं. ती मला 'तोमेताई' म्हणायची. थंडीत माझ्या भेगांना लावायला घरून मलम आणायची. मी ते मलम मांजराला लावलं. मांजराचे पाय छान मऊ झाले, आणि त्याचाही मला राग आला.

३

सप्टेंबरात बाई म्हणाल्या, "नोव्हेंबरात चूल उघडायच्या दिवशी सांगेन, माझ्या जागी कोण." उन्हाळाभर चूल चटईखाली झाकलेली असते, पाणी शेगडीवर. नोव्हेंबरात चटई उचलून चूल उघडायची, तो आमचा खरा नव्या वर्षाचा दिवस. "तोवर महिन्यातून एकदा चिझुरू चहा करेल. तोमे, तू मागे बघ."

मी मागे बघितलं. चांगलंच बघितलं.

पाहुणे ठरलेले चौघं. पहिल्या जागेवर, कोनाड्याजवळ, नोझूकाका. दारूची भट्टी मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले, पोट पुढे. मग दातांच्या डॉक्टरची बायको. मग हारा मास्तर. आणि शेवटी कागेयामाकाकू, टोफूवाल्याची विधवा, जिची जीभ टोफूपेक्षा बरीच कडक.

चहाआधी गोड द्यायचं असतं. भाताच्या पिठाचे, आत गोड पुरण भरलेले गोळे. लाखेच्या झाकणाच्या डब्यात, माणशी एक. कमी नाही, जास्त नाही. डबा पहिल्या पाहुण्यापासून हातोहात फिरतो, प्रत्येकानं आपल्या कागदावर एक घ्यायचा, शेवटच्यानं रिकामा डबा दाराशी ठेवायचा. उरला तर यजमानाला पाहुणे मोजता येत नाहीत असं होतं. इथे त्याहून मोठी लाज नाही. एक वेळ चहा कडू झाला तर चालेल.

डबा मी भरायची. चिझुरू झाकणासकट उचलून आत न्यायची. झाकण उघडून बघणं म्हणजे मागच्या माणसावर अविश्वास, तो ती कधी दाखवायची नाही. इतकी सोज्वळ.

मी डब्यात पाच गोळे ठेवले.

मग दारामागे बसले, तोंडावर किमोनोच्या बाहीचा बोळा धरून, हसू येऊ नये म्हणून. डबा फिरला. नोझूकाकांचं मचमच. डॉक्टरीणकाकूंचं खाल्लं न खाल्लंसं. मास्तरांच्या कवळीचा कट्ट. कागेयामाकाकूंचा सुस्कारा. आता, म्हटलं. आता काकू उरलेल्या गोळ्याकडे बघणार, भुवया वर जाणार, संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळणार.

डबा दाराशी आला. चिझुरूनं तो मागे आणला, माझ्या हातात दिला, हसली.

मी झाकण उघडलं. रिकामा.

४

आता तू हुशार आहेस, तुझ्या मनात काय आलं मला माहीत आहे. माझ्याही तेच आलं. नोझूकाकांनी दोन हाणले. पोट बघ ना त्यांचं! पण डब्यातून दोन उचलणं म्हणजे देवळातल्या पेटीत हात घालणं; नोझूकाका दारूत पाणी घालतील, हे नाही करायचे. बरं, मीच चुकून चार ठेवले असतील? माझ्या खोड्यांमध्ये मी चुकत नाही. कामात चुकते. उंदीर? झाकणाच्या डब्यात, चार माणसांच्या हातांतून?

बाहेर चपला मोजल्या. चार जोड.

पाहुणे निघाले तेव्हा अंगणात पाणी शिंपडायच्या मिषानं उभी राहिले. नोझूकाका बाईंना म्हणत होते, "इनागाकीबाई, पोरीनं आज खोली भरून टाकली हो. चौघंच होतो, पण काय भरल्यासारखं वाटलं!"

बाईंचा चेहरा असा उजळला. अकरा वर्षांत माझ्यामुळे एकदाही नाही उजळला तो.

आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? भीती नाही वाटली. वाटलं, हिचं नशीब बघा. मी खड्डा खणला आणि कुणीतरी येऊन तो तिच्यासाठी बुजवून गेलं. जे कुणी आलं, ते पण तिच्यासाठीच आलं! मी अकरा वर्षं या दारामागे बसले, माझ्यासाठी उंदीर नाही आला.

रात्री नीट झोपले मी. जळणारी माणसं छान झोपतात, ऊब असते.

५

ऑक्टोबरात म्हटलं, आता खोडी नको, बघू या. चार गोळे, बोटांनी दाबून दाबून मोजलेले.

पाहुणे आत आले. सर्र, सर्र, सर्र, सर्र. ठक. काकूंनी दार लावलं. चिझुरू उठली, किमोनोची कड सारखी केली.

ठक.

पुन्हा. हळू. आपण उशिरा आलो हे माहीत असलेल्या माणसानं लावल्यासारखं.

"लागलं नसेल पहिल्यांदा," चिझुरू म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली. मी कान लावला. आणि पाचव्यांदा सर्र झालं. कोनाड्यापुढे थांबलं, चुलीच्या जागेपुढे थांबलं, मग मधेच कुठेतरी विरलं. लंगडणं नाही, घाई नाही. मला त्या पावलाचं वय सांगता येईना. एरवी मला मोज्याचं वय सांगता यायचं.

सगळं आटोपल्यावर कागेयामाकाकूंना मी हात धुवायच्या दगडापाशी गाठलं.

"काकू, गोळा कसा होता?"

"मला विचारतेस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं ते सुरी परजल्यासारखं. "डबा आला तो रिकामा. मी आपली रिकाम्या कागदावर बोटं फिरवली, खाल्ल्यासारखं केलं, कागदाची घडी घातली. या वयात हे नाटक!"

"मग बोलायचं नाही का तिथेच?"

"मी? आत यजमानाशी बोलायचं ते पहिल्या पाहुण्यानं. बाकीच्यांनी तोंड फक्त खायला उघडायचं. अकरा वर्षं दाराला कान लावून बसतेस, एवढं नाही कळलं? आणि पहिला कोण, तर नोझू! त्यांचा गोळा पोटात गेलेला. म्हणतात, 'गोळा अप्रतिम.' मी मनात म्हटलं, असेल बाबा."

मला उकळ्या फुटत होत्या. चिझुरूनं पाहुणा उपाशी ठेवला! पण तोंड बारीक करून विचारलं, "तुमच्या शेजारी हारा मास्तरच होते ना?"

"हो."

"अगदी लागून?"

काकू थांबल्या. "नाही. मधे जागा होती. एका माणसाची."

"मग वर, कोनाड्याच्या बाजूला, का नाही सरकलात? मागे भिंतीला टेकून बसला होतात, मी ऐकलं, पाठ घासत होती."

"काय डोकं चालतं तुझं! शेजारी कुणी बसलं असलं की तू काय त्याच्या मांडीवर सरकतेस?"

आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांना ऐकू आलं. थंड पाण्यात त्यांचे हात तसेच राहिले. मग हात न पुसताच उलटसुलट चपला घालून चालू लागल्या, आणि काकू तसं करणाऱ्यातल्या नव्हेत.

मी तिथेच उभी. पहिल्यांदा ते काकूंच्या खाली बसलं होतं, शेवटचा गोळा घेऊन. आता काकूंच्या वर. एक जागा पुढे.

म्हणजे, असं कुणी होतं असं धरलं तर. मी धरलं नाही. मी धरलं की काकू म्हाताऱ्या झाल्यात, मास्तर लोभी आहेत, दाराची कडी सैल आहे. कडीला मी तेल पण लावलं.

गोळा कमी पडल्याचं बाईंच्या कानावर गेलं, आणि त्या चिझुरूला रागावल्या. पहिल्यांदा. ती कपाळ चटईला टेकवून म्हणाली, "मोजण्यात माझीच चूक झाली असेल." माझं नावसुद्धा घेतलं नाही. चुकीचं खापरसुद्धा तिच्या डोक्यावर दागिन्यासारखं दिसायचं. मी कोपऱ्यात राख चाळत होते, आणि राखेत हसत होते.

६

चूल उघडायचा दिवस. सकाळी तळ्यावर धुकं, नंतर चकचकीत ऊन. मी अंगणातले दगड तीनदा ओले केले, तिन्ही वेळा सुकले.

बाई मागच्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसल्या, मांडीवर पांघरूण. "मला दिसत नाही, पण ऐकेन," म्हणाल्या. "आज काय ते ठरेल."

चिझुरू आली. ओठ पांढरे. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि कुजबुजली, "तोमेताई, आज गोळे माझ्यासमोर मोजाल?"

"विश्वास नाही माझ्यावर?"

"माझा माझ्यावरच नाही."

मोजले. हलवायानं पाचच दिले होते. चार पाहुण्यांचे, एक मागच्यांनी चव बघायला. चार डब्यात ठेवले. पाचवा ताटलीत राहिला, गुबगुबीत, वरून तीळ लावलेला. चिझुरू त्याच्याकडे बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "तो पण ठेवला तर?"

"पाहुणे चार आहेत."

"हो. पण..." तिनं माझा हात धरला. बर्फ होता नुसता. "तुम्हाला आत कधी जास्त कुणी असल्यासारखं वाटतं का? तुमचा कान चांगला आहे. तुम्ही सांगाल तसं करते."

इथे थांबते जरा. म्हातारपणी दम लागतो.

माझ्या हातात होतं, पोरी. एक गोळा. तो डब्यात टाकला असता तर आतल्या सगळ्यांचं पोट भरलं असतं, ती चुलीशी बसली असती, मी आयुष्यभर राख चाळली असती. मला पक्कं माहीत होतं आत कितीजण बसणार ते. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मी म्हटलं, "चार म्हणजे चार. वेड्यासारखं काय बोलतेस? बाई ऐकतायत."

तिनं झाकण लावलं. खोलीत सर्र, सर्र, सर्र, सर्र. ठक. आणि मग, हळू, ठक. ती डबा घेऊन आत गेली.

ताटलीतला पाचवा गोळा मी उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. म्हणजे आता कुणाला विचार बदलता येणार नाही.

७

दाराच्या कागदाला बोटाएवढं भोक होतं. मीच पाडलेलं, पहिल्या वर्षी. डोळा लावला.

आत उजेड कमीच असतो. चुलीतला निखारा, किटलीची वाफ, आणि पाहुण्यांच्या पाठी ओळीनं. मला माझ्या बाजूनं मानाच दिसायच्या, थोडे गाल, हात. नोझूकाकांनी गोळा घेतला, डबा पुढे. डॉक्टरीणकाकूंनी घेतला आणि डबा आपल्या खालच्या बाजूला ठेवला, वाकल्या, "तुमच्याआधी घेतला, माफ करा," असं पुटपुटल्या. जसं शेजारच्याला म्हणतात.

शेजारी हारा मास्तर नव्हते. मास्तर त्याच्याही पलीकडे होते.

मधे काय होतं ते विचारू नकोस. काळपट बाही होती. बाहीतून हात डब्याकडे गेला, झाकण न वाजवता. मला तोंड दिसलं नाही, वाफ होती. फक्त कानाखालचा गाल दिसला. गाल हलत होता. चावत होतं ते.

शेजारून बाईंनी माझी बाही ओढली. "तोमे," अगदी हळू, "काय खातेस?"

मी मान हलवली, पण बाईंना कुठली दिसणार मान. माझं तोंड भरलेलं होतं.

"चावायचा आवाज येतोय," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडून. आणि आतून. एकाच वेळी."

मी चावायची थांबले.

आतला गाल थांबला.

किटली हुं हुं करत होती. तोंडात पुरण, गिळता येईना, थुंकता येईना. बाईंचे डोळे दाराकडे, सायीचे. मला वाटलं, मी गिळलंच नाही तर? जन्मभर असंच बसायचं का, दोघींनी?

शेवटी आपोआप गिळलं गेलं. घशातून गोळा उतरला आणि भोकातून मी बघितलं, त्या गालाखालचा घसा वर गेला, खाली आला. मग ती मान वळायला लागली. माझ्याकडे. अगदी सावकाश, खोलीत वळायची रीत असते तशी, आधी गुडघे, मग खांदे.

मी डोळा काढून घेतला. तेवढी अक्कल चौथीतल्या माणसालाही असते.

आतून कागेयामाकाकूंनी रिकामा डबा दाराशी ठेवल्याचा आवाज आला. मग घट्ट चहाचा एकच वाडगा सगळ्यांतून फिरला, चिझुरूनं चौघांपुरता घुसळलेला, आणि काकूंपर्यंत पोचला तेव्हा, त्या नंतर म्हणाल्या, तळ दिसत होता. मग चिझुरूच्या हातातून पळी पडली. टक्. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पळीचा आवाज झाला. इतके दिवस मी त्या आवाजाची वाट बघितली होती. पण मला गोड लागला नाही. तोंडात आधीच गोड होतं.

८

पाहुणे गेल्यावर बाईंनी दोघींना समोर बसवलं. उघड्या चुलीच्या काठाशी.

"आज कितीजण होते?"

"चार," चिझुरू म्हणाली. रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. "मला वाटलं पाच, बाई. पण मी चार मोजले. चारच."

"तोमे?"

आता ऐक. चार म्हटलं असतं तर दोघी सारख्याच ठरलो असतो, आणि मग पाण्यानं तिचंच ऐकलं असतं. माझ्याकडे तिच्याहून जास्त एवढंच होतं. कान.

"पाच," मी म्हटलं. छाती फुगवून. "ऑक्टोबरातही पाच. सप्टेंबरातही."

"पहिल्यांदा पाचवा गोळा डब्यात कुणी ठेवला?"

मला वाटलं, खोटं बोलावं. आणि बघ गंमत, आयुष्यात ज्या एका वेळी खोटं बोलायला हवं होतं, त्या वेळी जमलं नाही.

"मी."

बाईंनी मान हलवली, जुनी बातमी ऐकल्यासारखी. "ताट वाढलंस म्हणजे बोलावलंस. बोलावलंस म्हणजे पाहुणा तुझा." मग त्या चिझुरूकडे वळल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू घरी जा, बाळ. चूल तोमेची."

झालं. मिळालं. अकरा वर्षं ज्यासाठी जळले ते ओंजळीत पडलं. मी अशी काही वाकले की नाक चटईला आपटलं.

चिझुरू फाटकाशी थांबली, वळली, खोलीच्या दिशेनं खोल वाकली. मग निघाली, आणि पोरी, ती पळत गेली. किमोनोत, अरुंद पावलांनी, पुलावरून, हसत की रडत कोण जाणे, पण खांदे कसे हलके झालेले! बाईंचा हात डोक्यावरून फिरला होता तिच्या. 'बाळ' म्हणाल्या होत्या.

मी चुलीची मालकीण, आणि मला तिच्या पाठीचा हेवा वाटला. अजून वाटतो.

९

त्यानंतर चाळीस वर्षं मी नेहमी एक गोळा जास्त ठेवला. एकदाही उरला नाही. लोक म्हणायचे, तोमेच्या खोलीत कसं भरल्यासारखं वाटतं.

ते घाई करत नव्हतं. बाई गेल्या त्या वर्षी ते दुसऱ्या जागेवर आलं, डॉक्टरीणकाकूंच्या वर, आणि तिथेच राहिलं. पहिल्या जागेवर नोझूकाका होते, मग त्यांचा मुलगा, मग देवळातले भिक्खू, मग हा, मग तो. माणसं मरत गेली, जागा रिकाम्या होत गेल्या. मी कधी पुन्हा नीट बघितलं नाही. वाडगा ठेवायचा, नजर चटईवर, वाडगा उचलायचा. तळाशी थेंब नसायचा.

पण मनात काय होतं सांगू? राग. हे येणार, बसणार, आयतं खाणार, आयतं पिणार. चाळीस वर्षं मी त्याला चहा करून दिला. मला? बाईंनी कधी दिला नाही. चिझुरूनं एकदा विचारलं होतं, "ताई, तुम्हाला करून देऊ?" आणि मी म्हटलं होतं, भांडी पडलीत. तिकडे त्या जागेवर बसून, हात मांडीवर ठेवून, कुणीतरी आपल्यासाठी पाणी तापवतंय हे नुसतं ऐकत बसायचं, काय वाटत असेल गं? तुला माहीत आहे. त्याला माहीत आहे. मलाच तेवढं माहीत नाही.

आणि तोंडातून शब्द नाही त्याच्या. ते ठीकच, म्हणायचे मी, रीत पाळतंय. बोलायचं ते पहिल्या पाहुण्यानं. त्याचा नंबर आला नाही अजून.

यंदा गुडघ्यांनी दावा मांडला, म्हणून शिष्यांना नको म्हटलं. तू पाहुणी, लांबून आलेली, एकटीच, चहा कसा करतात ते अनुभवायचंय म्हणालीस. म्हटलं ये. एकच पाहुणा, तो पहिल्या जागेवर बसणार, साधं गणित. दोन गोळे ठेवले.

मग तू त्या दारातून रांगत आलीस. खोली अख्खी मोकळी. मी म्हटलं, बस कुठेही. आणि तू कोनाड्याजवळची जागा सोडून, अंग चोरून, ही दुसरी जागा घेतलीस. बसण्याआधी त्या बाजूला थोडी वाकलीसही. नाही म्हणू नकोस. मी बघितलं.

का गं?

मला वाटलं होतं मी घाबरेन. सगळा वेळ तुला ही गोष्ट सांगत बसले ती घाबरूनच, माझी बडबड चालू राहिली की दुसरं कुणी बोलणार नाही म्हणून. यजमान बोलत असताना पाहुणा मधे बोलत नाही. पण आता माझं सांगून संपलं.

वळू नकोस तिकडे.

थांब. गप्प.

ऐकलंस? नाही? बरं झालं. तुला ऐकू यायचं कारणच नाही, तुला नव्हतंच विचारलं. मला विचारलं. अगदी सभ्यपणे, पहिल्या पाहुण्यानं यजमानाला विचारायच्या रीतीनं, आधी चहाचं नाव, मग चहापुडीच्या चमच्याचं, मग... काय ते नाही सांगणार. तोंड असं नको करूस, नाही म्हणजे नाही. एकावन्न वर्षं ज्यासाठी जळले, ते तुझ्याबरोबर वाटून घेऊ? माझं आहे ते. फक्त माझं.

सरक जरा, मला पाहुण्याच्या जागेवर बसू दे, हात मांडीवर ठेवून. आणि जाताना ते दार नीट लाव, आवाज करून.

जा आता.